कवीचे घर आणि कवितेचा पत्ता

गेल्या वर्षी आमच्या येरमाळ्याच्या वाचनालयाच्या बैठकीत एक सूचना आली. आपल्या भागातल्या लेखक-कवींच्या वापरातल्या वस्तू गोळा करायच्या, त्यांच्यासाठी काचेचे कपाट करायचे आणि एका खोलीला ‘साहित्य दालन’ असे नाव द्यायचे. चष्मा, पेन, शाल, सन्मानचिन्हे, जमल्यास एखादी खुर्ची. सूचना सगळ्यांना आवडली. मी एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले असल्यामुळे आराखडा गुरुजींनी करावा, असे ठरले. मीही हो म्हणालो. घरी आल्यावर लक्षात आले, की लेखकाची वस्तू पाहून वाचकाला नेमके काय मिळते, या साध्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही.

चित्रकाराच्या संग्रहालयात चित्र असते. आमच्या शेजारी तेरला लामतुरे संग्रहालय आहे. तिथे सातवाहन काळातल्या वस्तू आहेत. मातीची मूर्ती पाहिली म्हणजे मूर्तीच पाहिली. कवीच्या बाबतीत तसे नाही. कविता ही वस्तू नव्हे. ती छापलेल्या पुस्तकात असते, पाठ असलेल्याच्या तोंडी असते, आणि एकाच वेळी हजार ठिकाणी पूर्णच्या पूर्ण असते. मग कवीच्या घरात उरते काय? हा प्रश्न घेऊन मी मालगुंडला गेलो. प्रस्तुत लेख त्या भेटीचे वर्णन म्हणून नव्हे, तर त्या प्रश्नाचा शोध म्हणून वाचावा, अशी विनंती आहे.

मालगुंडपर्यंत

येरमाळ्याहून मालगुंड म्हणजे महाराष्ट्राचा एक काठ सोडून दुसरा काठ गाठणे. बार्शी, पंढरपूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरलो, तेव्हा बालाघाटाच्या उघड्या माळांची सवय असलेल्या डोळ्यांना त्या हिरवेपणाने गुदमरल्यासारखे झाले. रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळ्याला लागूनच मालगुंड आहे. पुळ्याला येणाऱ्या गर्दीतले थोडेच लोक तो दीड-दोन किलोमीटरचा रस्ता पुढे जातात. गावाला गायवाडीचा समुद्रकिनारा आहे, आणि वर उत्तरेला शास्त्री नदीच्या मुखावर जयगडचा किल्ला.

कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, यांचा जन्म १८६६ मध्ये या गावी झाला. तारखेबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कोणी १५ मार्च मानतात, कोणी ७ ऑक्टोबर. मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली. तिने केशवसुतांच्या जन्मघराचे स्मारक उभे केले, आणि १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एका कवीच्या घराचे दार दुसऱ्या कवीने उघडावे, ही गोष्ट मला फार शोभून दिसली. आपल्याकडे असल्या कार्यक्रमांना बहुधा कोणाला बोलावतात, हे वाचकांना ठाऊक आहेच.

आत गेल्यावर तुतारीचे शिल्प दिसते. जुन्या वळणाचे कोकणी घर जपलेले आहे. ओटी, माजघर, त्या काळच्या घरात असत तशा वस्तू. आवारात फलकांवर केशवसुतांच्या कविता आहेत. आधुनिक मराठी कवींची छायाचित्रे आणि कविता मांडलेले एक दालन आहे, ग्रंथालय आहे. सगळे नेटके आणि शांत.

मी आधी घरात गेलो आणि बराच वेळ थांबलो. काहीतरी जाणवेल अशी वाट पाहत होतो. जाणवले एवढेच, की एकोणिसाव्या शतकातले मध्यम स्थितीतले कोकणी घर साधारण असे असे. हे ज्ञान उपयोगाचे आहे, पण ते शेजारच्या कोणत्याही जुन्या घरात मिळाले असते. भांडी पाहून तो काळ कळला. ‘झपूर्झा’ कळली नाही.

पाहुण्याचा हा दोष असेल, असे मी प्रथम समजलो. नंतर केशवसुतांचे चरित्र मनात लावू लागलो, तेव्हा कारण वेगळे दिसले.

भाड्याच्या खोल्यांतला कवी

केशवसुत या घरात लहानपणी होते. वडील शिक्षक. शिक्षणासाठी खेड, बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे असा प्रवास झाला. मॅट्रिक व्हायला १८८९ उजाडले. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते आणि संसार सुरू झालेला होता. पुढे मुंबईत मिळतील त्या नोकऱ्या. मग खानदेशात फैजपूरला शिक्षक. १९०४ मध्ये धारवाडच्या शाळेत मराठीचे शिक्षक. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीला प्लेगने मृत्यू, आणि आठवड्याभराच्या अंतराने पत्नीचाही. वय एकोणचाळीस. मागे राहिल्या त्या सव्वाशेच्या वर काही कविता. त्यांचे पुस्तकही त्यांच्या हयातीत निघाले नाही. मृत्यूनंतर दहाएक वर्षांनी हरिभाऊ आपट्यांच्या संपादनाखाली ते निघाले. तोवर या कविता ‘करमणूक’, ‘काव्यरत्नावली’ अशा नियतकालिकांच्या पानांत विखुरलेल्या होत्या.

आता ज्या कवितांनी मराठी कविता बदलली असे आपण म्हणतो, त्यांचे पत्ते पाहू. ‘तुतारी’ आणि ‘झपूर्झा’ १८९३ च्या. ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे मराठीतले पहिले सुनीत १८९२ चे. ‘आम्ही कोण?’ १९०१ ची, फैजपूरच्या वास्तव्यातली. यांतली एकही मालगुंडच्या माजघरात लिहिलेली नाही. त्या भाड्याच्या खोल्यांत लिहिल्या गेल्या. कोणत्या गल्लीत, कोणत्या जिन्यावरून वर गेल्यावर ती खोली होती, हे सांगणारी पाटी कुठे नाही. म्हणजे आपण जपले ते बालकाचे घर. कवीची घरे केव्हाच दुसऱ्या भाडेकरूंना गेली.

यात स्मारक उभारणाऱ्यांची चूक नाही. जन्मस्थान ही एकच जागा निश्चित होती आणि त्यांनी ती निष्ठेने राखली. माझे म्हणणे इतकेच, की जन्मघर आणि कवितेचे घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एक मानल्या की पाहुणा माजघरात उभा राहून काहीतरी जाणवण्याची वाट पाहत बसतो.

सहा रात्रींचा मनोरा

याच्या अगदी उलट उदाहरण आयर्लंडमध्ये आहे. मी ते पाहिलेले नाही, पण इंग्रजी साहित्याच्या वाचकांना ते चांगले परिचित आहे. डब्लिनच्या दक्षिणेला सँडीकोव्ह येथे समुद्राकाठी एक गोल, जाड भिंतींचा दगडी मनोरा आहे. नेपोलियन चाल करून येईल या भीतीने इंग्रजांनी १८०४ च्या सुमारास किनाऱ्यावर असे मनोरे बांधले. त्यांना मार्टेलो मनोरे म्हणतात. कॉर्सिका बेटावरच्या मोर्टेला नावाच्या ठिकाणच्या एका बुरुजाने १७९४ मध्ये इंग्रजांच्या तोफांना दाद दिली नव्हती. त्याची ही नक्कल. नेपोलियन आला नाही. तोफा पडून राहिल्या.

शंभर वर्षांनी, १९०४ च्या सप्टेंबरात, ऑलिव्हर गोगार्टी नावाच्या तरुणाने हा मनोरा भाड्याने घेतला आणि आपल्या मित्राला राहायला बोलावले. तो मित्र म्हणजे बावीस वर्षांचा जेम्स जॉइस. तो तिथे राहिला सहा रात्री. तिसरा एक पाहुणा होता. त्याला झोपेत काळा बिबट्या दिसला आणि त्याने बंदूक झाडली. मग गोगार्टीनेही जॉइसच्या डोक्यावरच्या भांड्यांवर गोळ्या झाडल्या. जॉइस उठला, चालू लागला आणि परत आला नाही.

१९२२ मध्ये पॅरिसला सिल्व्हिया बीच या पुस्तकविक्रेत्या बाईंनी त्याची ‘युलिसिस’ ही कादंबरी प्रकाशित केली. तिची सुरुवात याच मनोऱ्याच्या गच्चीवर होते. कादंबरी घडते तो दिवस १६ जून १९०४. त्याच तारखेला, १९६२ मध्ये, त्याच सिल्व्हिया बीच यांच्या हस्ते मनोऱ्यातल्या जॉइस संग्रहालयाचे उद्घाटन झाले. आत जॉइसची गिटार आहे, काठी आहे, जाकीट आहे, मृत्यूनंतर घेतलेला चेहऱ्याचा ठसा आहे. वरची गोल खोली मात्र कादंबरीत आहे तशी मांडलेली आहे, आणि तिथे चिनी मातीचा एक काळा बिबट्या ठेवला आहे.

या बिबट्याने मला विचारात पाडले. ज्याने कादंबरी वाचलेली नाही त्याला ते शोभेचे जनावर वाटेल. वाचलेल्याला मात्र तो एका माणसाच्या दुःस्वप्नातून कादंबरीत आलेला बिबट्या आहे. ही वस्तू जॉइसची नाही, त्याने तिला हातही लावलेला नाही. तरी काचेतल्या गिटारीपेक्षा ती जास्त बोलते, कारण ती पुस्तकातून आलेली आहे आणि पाहणाऱ्याला परत पुस्तकात पाठवते.

जन्म नाही, मृत्यू नाही, घर म्हणावे इतके वास्तव्यही नाही. सहा रात्रींच्या पाहुण्याचे संग्रहालय त्या मनोऱ्यात झाले, ते त्याच्या वास्तव्यामुळे नव्हे. एका पुस्तकाचे पहिले पान तिथे उघडते, एवढाच त्या जागेचा हक्क. आणि तो पुरेसा ठरला आहे. आज हा मनोरा स्वयंसेवक चालवतात आणि जगभरचे वाचक तो जिना चढतात.

आपल्याकडचे तीन पुरावे

हा निकष परका आहे, आपल्याला लागू नाही, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्याच परिसरातली आणि भाषेतली तीन ठिकाणे पाहू.

पहिले जळगावचे. बहिणाबाई चौधरींच्या घरी, चौधरीवाड्यात, त्यांच्या वापरातल्या वस्तू जपलेल्या आहेत. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांनी गायिलेल्या ओव्या घरातल्या मुलांनी, म्हणजे सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने, उतरवून घेतल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची कविता पुस्तकरूपाने आली. त्यांच्या घरात चूल आणि शेतीची अवजारे पाहताना कपाटातल्या वस्तूंचा परकेपणा वाटत नाही. याचे कारण उघड आहे. ही अवजारे कवितेबाहेर पडलेले सामान नव्हे. ती कवितेतली पात्रे आहेत. केशवसुतांच्या घरातला तांब्या कवितेत नाही, बहिणाबाईंची चूल आहे.

दुसरे अंबाजोगाईचे. तिथे दासोपंतांची पासोडी आहे. दासोपंत १५५१ ते १६१५ या काळातले. गीतेवरचा ‘गीतार्णव’ हा त्यांचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध आहे, पण अंबाजोगाईला पाहायचे ते हे कापड. बारा मीटरच्या आसपास लांब आणि मीटरभराहून थोडे अधिक रुंद अशा खादीच्या पासोडीवर त्यांनी पंचीकरण हा वेदान्तविषय ओवीबद्ध लिहून काढला. पासोडी म्हणजे पांघरायचे जाड वस्त्र. मराठी साहित्यात वस्तू आणि ग्रंथ एकच झाल्याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही. इथे पाहणे म्हणजेच वाचणे आहे. निदान तसे असायला हवे. मी गेलो तेव्हा माझ्यासह सगळे जण लांबीच मोजत होतो. त्यावरची एक ओवी कोणी वाचली नाही. वस्तू कितीही अस्सल असली, तरी वाचनाची सोय केली नाही तर ती नवल होऊन बसते.

तिसरे आमच्या अगदी शेजारचे, तेरचे. गोरोबाकाकांचे घर तिथे दाखवतात, समाधिमंदिर आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, मुक्ताबाई, नामदेव जमले होते आणि कुंभाराने थापटणे घेऊन एकेकाचे डोके मडक्यासारखे तपासले, ही कथा महाराष्ट्रातल्या पोराटोरांना माहीत आहे. तेरला आलेला वारकरी घर पाहून थांबत नाही. तो देवळात टाळ घेऊन उभा राहतो आणि अभंग म्हणतो. घर हे त्याच्यासाठी निमित्त आहे. म्हणणे हे काम आहे. संग्रहालय हा शब्द आपण उशिरा शिकलो, पण रचना जिथे म्हटली जाते ती तिची जागा, हे आपल्या लोकांना आधीपासून कळत होते.

या तिन्ही ठिकाणांवरून माझा निकष असा ठरला: लेखकाच्या जागेतली वस्तू पाहणाऱ्याला परत त्याच्या शब्दांकडे नेते का? नेत असेल तर ती साधी असली तरी चालेल. नेत नसेल तर ती लेखकाच्या अंगावरची शाल असली, तरी ती केवळ शाल आहे.

तुतारीच्या पलीकडचा केशवसुत

हा निकष लावून मी मालगुंडचे आवार दुसऱ्यांदा फिरलो.

दारातली तुतारी निकषाला उतरते. ती कवितेतून आलेली वस्तू आहे, मनोऱ्यातल्या बिबट्यासारखी. पण तिच्यासमोर उभे राहिल्यावर मला माझ्या शिकवण्याची लाज वाटली, हेही सांगितले पाहिजे. एकतीस वर्षे मी केशवसुत शिकवले ते याच एका वस्तूच्या आधाराने. ‘आधुनिक मराठी कवितेचे जनक’, ‘बंडखोर कवी’, ‘क्रांतीची तुतारी फुंकणारे’. मुले हे पाठ करत, परीक्षेत लिहीत, गुण मिळवत. तुतारी इतकी मोठी वाजली, की बाकीचा कवी ऐकू आला नाही. शिल्पकाराने जे दगडात केले तेच मी खडूने करत होतो.

मग आवारातल्या फलकांवरच्या कविता उभ्या उभ्या वाचत गेलो. वाचता वाचता, समोर होत्या त्या आणि नव्हत्या त्याही, सगळ्याच मनात जाग्या झाल्या. ज्या पिढीला देशाभिमानाच्या कविता हव्या होत्या तिच्यासमोर या माणसाने विशी-पंचविशीत ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ आणि ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ या कविता ठेवल्या. ‘मूर्तिभंजन’ नावाची कविता लिहिली. आणि आज आपण त्याच्या नावाने शिल्प उभे करतो, यातला विरोध ध्यानात घेतलेला बरा. पहिले सुनीत लिहिले तेही शहाजहानच्या दोन निर्मितींवर. त्यांतले मयूरासन १७३९ मध्ये नादिरशहाने नेले आणि ताजमहाल जागेवर राहिला. स्मारक कोणते टिकते आणि का, हा विचार मराठी सुनीताच्या जन्मालाच चिकटलेला आहे.

आणि ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’. गावापासून दूर असलेला कवी नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याशी बोलतो आणि त्याच्याजवळ आपल्या मुलखाची, घरच्यांची आठवण काढतो, अशी ही कविता. मी ती वर्गात कधी शिकवली नव्हती, कारण ती बंडात बसत नव्हती. मालगुंडच्या आवारात ती आठवली तेव्हा दुपार होती आणि समुद्रावरून वारा येत होता. गायवाडीचा किनारा तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे. हाच तो वारा, असे भाबडेपणाने म्हणण्याचे माझे वय नाही. पण त्या कवितेतली दिशा मला पहिल्यांदा अंगाने कळली. इथे तो वारा घराचा असतो. घाट ओलांडून पलीकडे गेला की तो निरोप होतो.

याला एक भूगोलही आहे, आणि तो आम्हा मराठवाड्यातल्या लोकांच्या बाजूचा आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस टाकतो. सह्याद्री चढताना त्याचे पाणी सरते. धाराशिव जिल्ह्यापर्यंत तो पोहोचतो तेव्हा आमच्या वाट्याला वर्षाकाठी सात-साडेसातशे मिलिमीटर उरतात, कधी तेवढेही नाही. म्हणजे मालगुंडचा वारा आमच्याकडे येतो तो रिकामा होऊन. त्या रिकामेपणामुळेच दसरा झाला की आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांतले नवरा-बायको कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि म्हातारी माणसे पोरांना घेऊन मागे राहतात. माझ्या वर्गात दिवाळीनंतर बाके रिकामी होत. त्या वर्गाला मी ‘तुतारी’ शिकवली. घरापासून तुटलेल्याची कविता आणि उपाशी मजुराची कविता त्याच कवीने लिहिली होती, आणि ती ऐकायला सर्वांत योग्य मुले माझ्यासमोर बसलेली होती.

हे मला घरातल्या भांड्यांनी सांगितले नाही. एका फलकाने, त्यावरून आठवलेल्या कवितेने आणि खुल्या आवारातल्या वाऱ्याने सांगितले. म्हणून मालगुंडच्या स्मारकाबद्दल माझे मत असे: त्याचे जन्मघर हा त्याचा सर्वांत दुबळा भाग आहे आणि त्याचे आवार हा सर्वांत सबळ. ज्यांनी कविता भिंतीआड न ठेवता उघड्यावर, समुद्राच्या हवेत मांडल्या, त्यांना कवितेची जागा बरोबर कळली होती. उणीव इतकीच, की दारात उभ्या असलेल्या तुतारीशेजारी त्या दुसऱ्या, घर आठवणाऱ्या केशवसुताला तेवढीच जागा हवी होती. आणि त्यांच्या आयुष्यातली गावे क्रमाने दाखवणारा, मालगुंडपासून हुबळीपर्यंतचा एक साधा नकाशा दारातच हवा. त्यांची खोली दाखवता येत नाही. त्यांची फरफट दाखवता येईल. ज्या कवीची स्वतःची वस्तू फारशी उरली नाही, त्याच्या बाबतीत ते न उरणे हेच खरे प्रदर्शन आहे.

पुण्याजवळ खडकवासल्याच्या काठी कुडजे गावात २०२२ मध्ये कलावस्तूंचे एक देखणे संग्रहालय सुरू झाले. त्याचे नाव ‘झपूर्झा’. केशवसुतांची एकही वस्तू जवळ नसताना त्यांचा एक शब्द शतक ओलांडून दुसऱ्या संग्रहालयाच्या दारावर गेला आहे. आणि २०१७ मध्ये भिलार हे पुस्तकांचे गाव झाले, तिथे तर लोकांच्या राहत्या घरांत पुस्तके ठेवली आहेत. पाहुणा येतो, बसतो, वाचतो. वस्तू न मांडताही साहित्याची जागा करता येते, याचे हे पुरावे आपल्याच राज्यात आहेत.

चुनखडी

परत आल्यावर आराखडा लिहायला बसलो, तेव्हा मला आमच्या गावच्या यात्रेची आठवण झाली. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरीची पालखी डोंगरावरून खाली आमराईत येते. त्या वेळी चुन्याच्या रानात लाखोंनी जमलेले लोक वाकून पांढऱ्या चुनखडीचे खडे वेचतात आणि एके ठिकाणी टाकतात. त्या चुन्याने देवीचे मंदिर रंगवले जाते. पांढरा रंग वर्षभर ऊन-पाऊस खातो, फिका होतो, आणि पुढच्या चैत्रात पुन्हा खडे वेचावे लागतात. मंदिर टिकून आहे ते कोणी काचेत ठेवले म्हणून नव्हे. प्रत्येकाला दरवर्षी वाकावे लागते म्हणून.

माझे वडील निजामाच्या राज्यात शाळेत गेले. तिथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद मुक्त झाले तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. नंतर मराठी त्यांनी वाचनालयात बसून वाचायला शिकली. त्यांच्या वाट्याला कोणत्याही लेखकाची खुर्ची आली नाही. फाटक्या बांधणीची पुस्तके आली आणि ती मोठ्याने वाचून दाखवणारा एक ग्रंथपाल आला. आमच्या गावात मराठी साहित्याचे दालन कधी झाले असेल, तर ते तेव्हा झाले.

मी आराखडा दिला तो दीड पानांचा. काचेचे कपाट करू नये असे मी लिहिले नाही. ज्यांच्या घरच्यांनी प्रेमाने वस्तू देऊ केल्या आहेत त्यांना नाही म्हणता येत नाही. पण प्रत्येक वस्तूशेजारी त्या लेखकाचे एक पान मोठ्या अक्षरांत असावे, ते पान महिन्याला बदलावे, आणि ते बदलण्याचे काम शाळेतल्या मुलांकडे द्यावे, असे लिहिले. ज्या वस्तूशेजारी लावायला पान सापडणार नाही ती वस्तू घेऊ नये, असेही लिहिले. पहिले पान म्हणून ‘नैर्ऋत्येकडील वाऱ्यास’ सुचवले, केशवसुतांचा आमच्या जिल्ह्याशी संबंध काय, असे कोणी विचारील हे माहीत असूनही.

तसे एका सदस्याने विचारलेच. मी त्यांना खिडकी उघडायला सांगितली. ते हसले. ठराव पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवला आहे.